जेबेझने न सांगितलेलं कारण

बॉडमिन गावच्या कोर्टात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मोडलेल्या लग्नाचा खटला म्हटल्यावर बाजारातल्या बायकासुद्धा टोपल्या खाली ठेवून गॅलरीत चढल्या होत्या. थर्झा पास्को साक्षीदारांच्या बाकावर बसली होती. समोर बघायचं ती टाळत होती, कारण समोर जेबेझ राऊझ होता.

जेबेझ छपरांवर दगडी कौलं बसवणारा कारागीर. थर्झाच्या धाकट्या बहिणीशी, टॅमसिनशी, त्याचं लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं पुकारायच्या आदल्या दिवशी तो आला, "मला जमणार नाही," म्हणाला आणि गेला. टॅमसिनने खटला भरला तो भरपाईसाठी नव्हे. "शपथेवर तरी खरं बोलेल की," असं तिचं म्हणणं.

पण शपथेवरही तो काही बोलेना.

"दुसरी कोणी बाई आहे?" टॅमसिनच्या वकिलांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग मिस टॅमसिनचं वागणं खटकलं?"

"तिच्यासारखी मुलगी आमच्या भागात नाही."

"आणि तरी सोडलीत?"

"हो."

"कौल पडलं असेल डोक्यात," गॅलरीतून एक बाई म्हणाली, आणि हशा पिकला. न्यायाधीशांनी वर पाहिलं तसा तो विरला.

"राऊझ, तुम्ही गप्प राहिलात तर ज्यूरी हवा तो अर्थ काढेल. कळतंय ना?"

"कळतंय, मिलॉर्ड."

थर्झाला मात्र ते कारण ठाऊक होतं.

गावाबाहेरच्या वेड्यांच्या इस्पितळाचं छप्पर दुरुस्त करताना जेबेझने तिला वरून पाहिलं होतं. आवारातल्या बाकावर एका म्हातारीचे केस ती विंचरत होती. ती थर्झा आणि टॅमसिनची आई. टॅमसिन रांगत असताना आईला तिथे ठेवलं, आणि बापाने बिऱ्हाड दूर बंदरावर हलवून 'तापाने गेली' असं सांगून टाकलं. बाप वारल्यावर ते खोटं थर्झाने जपलं. बाजाराला जाते म्हणायचं आणि आईला भेटून यायचं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

जेबेझ शिडीवरून खाली आला तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं, आणि त्याला इस्पितळाच्या प्रार्थनाघरात नेऊन बायबलवर हात ठेवायला लावला. टॅमसिनला कधी सांगणार नाही, असं वचन घेतलं. त्याने ते दिलं, आणि मग म्हणाला, "तुमच्या आईचं मला काही नाही. पण टॅमसिनला तुम्ही सांगा, लग्नाच्या आधी. हे पोटात ठेवून मी तिच्याशी संसार करू शकणार नाही."

"नंतर सांगेन."

"आधी, थर्झा."

तिने सांगितलं नाही. टॅमसिन आपलं तोंड बघणार नाही, एवढीच तिला भीती होती. शेवटी जेबेझच नमतं घेईल असं ती धरून चालली होती.

जेबेझच्या वकिलांना काहीच धागा सापडेना. म्हणून त्यांनी मुलीच्या घरच्याच माणसाला, थर्झाला, कठड्यात बोलावलं. तिने शपथ घेतली. बायबलची चामडी बांधणी हाताला गार लागली.

"मिस पास्को, हे लग्न मोडण्याचं काही कारण तुम्हाला माहीत आहे?"

ती उत्तर देणार तोच जेबेझ जागेवरून उठला. "त्यांना सोडा, साहेब. त्यांचा यात काही संबंध नाही."

त्याने तिच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती, आणि तिने ती घेतली. "नाही," ती म्हणाली. "मला काही माहीत नाही."

ज्यूरीने बाहेर जायचीही तसदी घेतली नाही. निकाल भरपाईसह टॅमसिनच्या बाजूने लागला. बायका खाली उतरून तिला शाबासकी देऊ लागल्या. जेबेझ टोपी हातात धरून निघाला तेव्हा कोणीतरी त्याच्या वाटेत थुंकलं. त्याने मान वर केली नाही.

कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर टॅमसिन बसून राहिली. जिंकलेल्या माणसासारखी ती दिसत नव्हती.

"ज्यूरीतल्या बारा जणांनी सांगितलं माझा दोष नाही म्हणून," ती म्हणाली. "मग का गेला गं तो? रोज आरशात बघते मी. बोलते वाईट? माझ्या अंगाला वास येतो का? तू तरी सांग, तू लहानपणापासून मला बघितलंयस."

थर्झाला तिथे उभं राहवेना. ती खालच्या पायरीवर बसली आणि टॅमसिनच्या बुटांकडे बघत सगळं सांगितलं. आईचं, छपराचं, वचनाचं. आताच्या खोट्या साक्षीचंसुद्धा.

टॅमसिन रडली नाही. तिने विचारलं, "ती इथेच आहे? या गावात?"

"टेकडी उतरून पलीकडे."

"चल."

इस्पितळाच्या फाटकाशी पोहोचल्यावर थर्झा सवयीने पुढे झाली, तर टॅमसिनने तिचा दंड धरला.

"तू नको."

"अगं, ती घाबरेल. तुला ओळखायची नाही ती."

"ते कोणामुळे?" टॅमसिन म्हणाली. "उद्या सकाळी न्यायाधीशांकडे जायचं. मला ती भरपाई नको. आणि तू जे आता मला सांगितलंस ते त्यांना सांगायचं. तुला तुरुंगात टाकलं तर टाकू देत. मग जेबेझकडे मी जाईन. तो दार उघडेल की नाही, देव जाणे."

"सकाळीच जाते," थर्झा म्हणाली.

परिचारिकेने फाटक उघडलं. आवारात आई नेहमीच्या बाकावर बसली होती. टॅमसिन तिच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली आणि काहीतरी बोलली. एवढ्या लांबून ते ऐकू येणं शक्य नव्हतं. आईने आधी फाटकाकडे पाहिलं, थर्झाला शोधलं, आणि मग समोरच्या अनोळखी मुलीच्या गालाला हात लावला.

थर्झा गजांबाहेर उभी राहिली. तिला आत कोणी बोलावलं नाही.