बॅटरी धरणारी

"ही आमची इंदू. बॅटरी धरायला हीच असते," अण्णा म्हणाले, आणि इंदुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

देशपांडे नगरातल्या हॉलमध्ये फोटोक्लबचं प्रदर्शन होतं. भिंतीवर मधोमध पहिल्या बक्षिसाचा फोटो. काळ्याकुट्ट अंधारात माणसाएवढी तांबडी रांगोळी तरंगतेय, पंचवीस न दिसणाऱ्या ठिपक्यांना वेढून जाणारी, एकाच रेघेची. खाली छापील चिठ्ठी, 'प्रकाशाची रांगोळी. पद्मनाभ मुधोळकर.' म्हणजे अण्णा. इंदुमतीबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. त्यांचं नाव मुंगीएवढ्या अक्षरातसुद्धा नव्हतं.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांना कॅमेऱ्याचं वेड लागलं. थोरला भाऊ, त्यात मळमड्डीत घराला घर लागून. बोलावलं की बहिणीनं जायचं. रायापूरच्या मोकळ्या प्लॉटवर दिवेलागणीनंतर तिपाई उभी राही. अण्णा बटण दाबत आणि खुर्चीत बसत. कॅमेरा तीन मिनिटं डोळा उघडा ठेवून बघत राही. तेवढ्यात इंदुमतीबाईंनी काळी शाल पांघरून, तांबडा कागद लावलेली बॅटरी कॅमेऱ्याकडे रोखून, हवेत रांगोळी काढायची. हलत्या माणसाचा फोटोत मागमूस राहत नाही, उजेडाची रेघ तेवढी उमटते. अंगणात रेघ चुकली तर दिसते तरी. हवेत काही म्हणजे काही दिसत नाही. ठिपके मनात, काढलेली रेघही मनात, आणि शेवट सुरुवातीला जुळला नाही तर सगळं पाण्यात. चाळीस वर्षं रोज सकाळी दारात तीच रांगोळी काढली होती, म्हणून हाताला ते साधलं. तेही सतराव्या खेपेला. आधीच्या सोळा खेपांना अण्णा खुर्चीतूनच म्हणाले होते, "हात चुकला ग तुझा."

आणि आता कुणी विचारलं, हे कसं केलंत, की अण्णा छाती फुगवून आकडे सांगत होते. तीन मिनिटं, आयएसओ शंभर, अमुक आणि तमुक. जशी काही रांगोळी त्या आकड्यांतूनच निघाली होती.

क्लबचे अध्यक्ष गुरुप्रसाद पुढे आले आणि आधी कानडीत, मग मराठीत म्हणाले, "माडि तोरस्री, सर. करून दाखवा की इथंच. पडदे ओढतो, दिवे घालवतो."

अण्णांनी कॅमेरा तिपाईवर लावला आणि सवयीनं बॅटरी बहिणीपुढे केली. तिनं हात मागे घेतला.

"आज बटण मी दाबते, अण्णा. बॅटरी तू धर. नुसती धरायचीच तर आहे."

"अगं, मस्करी नको. लोक बघतायत."

"म्हणूनच."

नाही म्हणायची सोय नव्हती. दिवे गेले. इंदुमतीबाईंनी बटण दाबलं आणि जवळची खुर्ची ओढून बसल्या. तीन मिनिटं अंधारात अण्णांच्या चपलांची फरफट आणि धाप ऐकू येत होती.

दिवे लागले. मोठ्या पडद्यावर चित्र आलं: मांजरानं विस्कटलेला लोकरीचा गुंडा. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"अंधारात ठिपके दिसत नाहीत ग," अण्णा पुटपुटले.

"मलाही दिसत नाहीत, अण्णा."

अण्णांनी त्या गुंत्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. शेवटी खिशातलं पेन काढून ते चिठ्ठीपाशी गेले आणि स्वतःच्या नावाखाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'सहकार्य: इंदुमती.'

इंदुमतीबाईंनी जवळ जाऊन ते वाचलं. इतकं होऊनही सहकार्य. त्यांनी भावाच्या हातातलं पेन काढून घेतलं, 'सहकार्य' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'रांगोळी.' मग अण्णांच्या नावाआधी थोडी जागा होती, तिथं लिहिलं, 'बटण.'