नैसर्गिक खड्डा

"आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे होता, काका?"

"कोणता आवाज?" सर्जेरावांनी उलट विचारले.

"फरशी खचल्याचा."

"आवाज आल्ता असं मी कुठं म्हणलो?"

विमा कंपनीची सर्व्हेअर आकांक्षा हिने टॅबवरून मान वर केली. जालन्याहून वाटूरला यायला तिला दीड तास लागला होता, आणि आल्यापासूनच्या अर्ध्या तासात फॉर्मवर फक्त घरमालकाचे नाव चढले होते. तेही, तिच्या ओळखपत्रावरची मुलगी आणि समोर उभी असलेली मुलगी एकच आहे याची खात्री पटल्यावर सर्जेरावांनी सांगितले होते.

सर्जेराव एकतीस वर्षे परतूर तालुक्यात विजेची मीटर वाचत हिंडले. माळ्यावर, पत्र्याखाली, देव्हाऱ्यामागे, जिथे म्हणून चोरीची वायर लपू शकते तिथे त्यांनी डोके घातले होते. कुणी चहा विचारला की त्यांना संशय यायचा. नाही विचारला की खात्री व्हायची. घरी उषाबाईंच्या हातची भाजी झकास झाली तर पस्तीस वर्षांच्या संसारानंतरही ते घास थांबवून विचारत, "आज काय झालं?"

असा माणूस घराचा विमा उतरवील हे कुणाला खरे वाटले नसते. पण पेन्शनच्या बँकेतली बाई म्हणाली, "काका, घरी नेऊन नीट वाचा, मगच सही करा." वाचून सही करा, असे त्यांना जन्मात कुणी म्हटले नव्हते. त्या धक्क्यातच त्यांनी विमा घेतला.

मात्र कागद वाचला. भिंग लावून, अठराच्या अठरा पाने. अकराव्या पानावर लिहिले होते की जमीन खचून घराचे नुकसान झाल्यास भरपाई मिळेल. त्याच्या खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिले होते की जुनी विहीर, भुयार किंवा माणसाने केलेल्या इतर कोणत्याही पोकळीमुळे जमीन खचली तर मिळणार नाही.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी मधल्या खोलीतली फरशी बसली. परातीएवढे भोक पडले, आणि तिथून निघालेली भेग भिंत चढून स्लॅबपर्यंत गेली. गवंड्याने भेगेत बोट घातले, बोट आत गेले, मग त्याने मान हलवली. खड्डा भरून, निम्मे घर उतरवून पुन्हा बांधल्याशिवाय इथे राहता येणार नाही, असे तो म्हणाला. विमा मिळाला तर घर, नाही तर पत्र्याचे शेड.

पहिले दोन दिवस सर्जेरावांचा संशय शेजारच्या कचरूवर होता. कचरूने उन्हाळ्यात अंगणात बोअर पाडली होती. "तुझ्या बोअरनं माझं घर गिळलं," असे त्यांनी त्याला चारचौघांत सुनावले. तिसऱ्या दिवशी त्यांनी भोकात बॅटरी धरली, आणि कचरू निर्दोष सुटला. आत खड्डा मडक्यासारखा होता, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. कडा गुळगुळीत, पांढऱ्या मातीने आणि शेणाने सारवलेल्या. सारवणात चार-चार बोटांचे अर्धगोल एकापुढे एक फिरत गेलेले. निसर्ग बरेच काही करतो, पण सारवत नाही, एवढे सर्जेरावांना कळत होते.

ते पेव होते. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत पूर्वी ज्वारी साठवायला असे खड्डे खणत, वर दगड ठेवून माती लोटत. सरकारी लेव्हीच्या दिवसांत अंमलदार धान्य न्यायला येत, म्हणून पेव कुठे आहे हे घरातल्या एकट्या कर्त्यालाच ठाऊक असे. मरायच्या आधी तो थोरल्या मुलाच्या कानात सांगे.

सर्जेरावांचे वडील धुळाजी यांनी गुपित चोख राखले. इतके, की सांगायची वेळ आली तेव्हा अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली होती. अकरा दिवस म्हातारा खाटेवरून बोट खाली करत होता. जाणत्या माणसांनी ओळखले, "भुईवर घ्या म्हणून राह्यला." त्यांना भुईवर घेतले. तरी बोट खालीच. तोंडात तुळशीचे पान आणि पाणी घातले. म्हातारा डोळे वटारून बोट आपटू लागला. "जीव अडकला," लोक म्हणाले. बाराव्या दिवशी जीव सुटला. पुढे सर्जेरावांनी नेमक्या त्याच जागेवर स्लॅबचे घर बांधले.

आता कचरूला साक्षीदार म्हणून बोलावणे भाग होते. तो आला, पण आधी सर्जेरावांकडून "बोअरचा काय बी संबंध न्हाई" असे दोनदा म्हणवून घेतले, मगच उंबरा ओलांडला.

"जमीन आपोआप खचली, म्याडम," तो म्हणाला. "बिलकुल नैसर्गिक. मी सोत्ता पाह्यली."

"खचताना पाहिली?"

"न्हाई. खचल्यावर."

"मग नैसर्गिक कशावरून?"

कचरूने भोकाकडे तज्ज्ञासारखे पाहिले. "चेहऱ्यावरूनच कळतं की."

"आणि हा इतका गोल कसा?"

"चंद्र बी गोलच हाय," सर्जेराव म्हणाले. "त्यो कोणी खणला?"

आकांक्षाने टॅब पिशवीत ठेवला. इतकी वर्षे समोरच्याच्या चेहऱ्यावर सर्जेरावांनी जे शोधले, ते आता ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होती, आणि सापडते आहे हे दोघांनाही दिसत होते.

"आत उतरून फोटो काढावे लागतील. शिडी आहे?"

"शिडी न्हाई."

"तुमच्या मागे काय आहे?"

सर्जेरावांनी मागे वळून शिडीकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे पाहिले. "ती वर चढायची हाय. खाली उतरायची न्हाई."

आकांक्षाने शिडी स्वतः उचलली आणि भोकात सोडली. ओढणी काढून घडी करून ठेवली, कपाळाला दिवा बांधला.

कचरूने सर्जेरावांकडे पाहिले. सर्जेरावांनी छताकडे पाहिले. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पेवात कुजक्या ज्वारीची हवा तळाला बसून राहते. तोंड उघडे पडले तरी ती जात नाही. म्हणून माणूस उतरायच्या आधी पेटता कंदील सोडतात. कंदील विझला तर माणूसही विझेल असे समजून मागे फिरतात. हे न पाळलेल्या माणसांची नावे गावात अजून घेतली जातात. धुळाजींचा चुलता त्यांतला एक. पण कंदील आणा म्हणणे म्हणजे पेव आहे म्हणणे, आणि पेव म्हणजे अकराव्या पानावरची मुंगी.

"साप असंल आत," सर्जेराव म्हणाले.

"बूट घातलेत मी."

"इंचू लई हायेत इकडं."

"काका, बूट घातलेत."

"भूत बी हाय. समद्या गल्लीला माहीत हाय. इचारा कचरूला."

"हाय," कचरू घाईने म्हणाला. "बाईमाणसाचं हाय."

"काका, तुम्ही मला का उतरू देत नाही ते मला कळतंय," आकांक्षा म्हणाली आणि तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. तिची कंबर भोकाच्या काठाशी आली.

"थांब पोरी!" सर्जेराव ओरडले. त्यांचा हात तिच्या दंडाला लागला होता. "आधी दिवा सोडावा लागतो."

"का?"

त्यांनी उषाबाईंकडे पाहिले. उषाबाई केव्हाच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. त्यांच्या हातात कंदील होता. पेटवलेला, कडीला सुतळी बांधलेला.

"पेव हाय ते," सर्जेराव म्हणाले.

आकांक्षा वर आली. कंदील खाली गेला. हातभर गेला तोवर ज्योत उभी होती. पुरुषभर गेला तशी ती वाकली, निळी झाली आणि गेली. उषाबाईंनी तो ओढून घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. तिसऱ्यांदा कुणी पेटवा म्हटले नाही.

आकांक्षा ओसरीवर जाऊन बसली. दोन तांबे पाणी प्यायली. मग तिने पिशवीतून टॅब काढला.

"काका," ती हळूच म्हणाली, "आत उतरणं शक्य झालं नाही, असंही लिहिता येतं. ते खोटं नाही."

सर्जेरावांना सवयीने आधी संशयच आला. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. धाकट्या पुतणीच्या वयाची होती.

"मंग काय होईल?"

"कंपनी दुसरा माणूस पाठवील. अजून तपासायला."

"त्याला हे ठावं असंल?"

आकांक्षाने मधल्या खोलीकडे पाहिले.

"लिवा पेव," सर्जेराव म्हणाले. "बराबर लिवा. किती पुरुष खोल ते बी लिवा."

तिने लिहिले. टॅबवर त्यांनी बोटाने सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, न वाचता. जाताना ती त्यांच्या पाया पडली, तेव्हा ते म्हणाले, "कामून?" पण त्या 'का'ला नेहमीची धार नव्हती.

तिची गाडी फाट्याकडे वळली आणि गल्लीत ठकठक सुरू झाली. आधी कचरूच्या घरातून. मग समोरून, मग मारुतीच्या देवळाच्या बाजूने. जो तो दार लावून मुसळाने आपापली फरशी ठोकून पाहत होता, आणि दारावरून कुणी गेले की ठोकणे थांबत होते.

"काय चाल्लंय वो समद्यांचं?" उषाबाईंनी विचारले.

"मिरच्या कांडून राह्यले."

अंगणात लिंबाखाली दोन खाटा टाकल्या होत्या, भांडी पोत्यात भरून झाली होती. दिवस मावळायच्या आत उरलेली गोधडी आणायला सर्जेराव आत गेले. चपला त्यांनी दाराशी काढल्या. मधल्या खोलीतून ते भिंतीला हात लावून, टाचा उचलून, अगदी कडेकडेने चालले, घरात कुणी आजारी माणूस आत्ताच झोपी गेले असावे तसे.

"अजून काय राह्यलंय आत?" उषाबाईंनी बाहेरून हाक दिली.

"काय न्हाई," सर्जेराव कुजबुजले.