पोकळ चकती

अथेन्सच्या वेशीबाहेर एका बागेत एक म्हातारा गुरू बड्या घरच्या तरुणांना शिकवायचा. फिलिनोस कुंभार तिथे पाण्याचे घडे पोचवायला जाई आणि दम खायच्या निमित्ताने दोन शब्द ऐकून घेई. तो नागरिक होता, सभेत हात वर करणारा. नगराच्या गोष्टी आपल्याही आहेत असं त्याला वाटायचं.

त्या दिवशी हेगियास बोलत होता. शिष्यांत सगळ्यात हुशार, घराणं जुनं. नगर म्हणजे माणूसच, तो सांगत होता. डोकं राज्य करतं, छाती लढते, पोट राबतं, आणि डोक्याचं ऐकणं हाच पोटाचा सद्गुण. फिलिनोसला राहवलं नाही. मी न्यायाला बसतो तेव्हा मी कोण, असं त्याने विचारलं.

हेगियास मायेने म्हणाला, "तुझे हात शहाणे आहेत, फिलिनोस. पण सद्गुणाला सवड लागते. जन्मभर चाकावर वाकलं की मनालाही पोक येतं. तुझा दोष नाही रे त्यात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी मिका, त्याची बायको, म्हणाली, "पोक तर आलंच आहे तुम्हाला. पोरासोरांचं काय मनावर घेता?" तो जेवला नाही. पुढे महिनोन्‌महिने माती तुडवताना तो हेगियासला द्यायचं उत्तर रचत राहिला.

हिवाळ्यात हेगियासच्या चुलतभावाने त्याच्यावर खटला भरला. त्याची आई परदेशी, म्हणून हा नागरिकच नव्हे, असा आरोप होता. दोषी ठरला तर घरदार जप्त, आणि त्याची गुलाम म्हणून विक्री. खटल्याच्या दिवशी सकाळी पंचांच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्यांत फिलिनोसचं नाव निघालं. दोन्ही बाजू सारख्याच ऐकून घेईन, ही शपथ तो वर्षारंभीच वाहून बसला होता.

पाण्याचं घड्याळ ठिबकू लागलं. चुलतभाऊ बोलला, हेगियास बोलला, कुणी म्हातारा साक्षीदार कापत्या आवाजात बराच वेळ बोलला. फिलिनोस हेगियासच्या सरळ पाठीकडे बघत होता आणि मनात ते उत्तर घोळवत होता. ते एकदाचं जमलंही. तेवढ्यात मतदानाचा पुकारा झाला. प्रत्येकाला दोन चकत्या मिळाल्या, पोकळ दांडीची दोषीसाठी, भरीव दांडीची निर्दोषासाठी. फिलिनोसने पोकळ टाकली.

दोनशे बावन्न विरुद्ध दोनशे एकोणपन्नास. हेगियास दोषी.

बाहेर पडताना त्याने शेजारी बसलेल्या ड्रोमोन चांभाराला विचारलं, तो म्हातारा काय म्हणत होता?

"झोपला होतास की काय? पोराचा मामा तो. बहिणीला अंगाखांद्यावर खेळवलंय म्हणाला, इथल्याच गावात. मी तर भरीव टाकली बाबा."

आपलं एक मत फिरलं असतं तरी निकाल बदलला नसता, असं फिलिनोसने स्वतःला समजावलं. दोन मतं फिरायला हवी होती. पण दुसरं कुणी असंच न ऐकता बसलं होतं का, हे कोण सांगणार?

विक्रीच्या दिवशी तो बाजारात गेला. कशाला, ते मिकाला सांगितलं नाही. हेगियास ओट्यावर उभा होता, विकायच्या गुलामाची खूण म्हणून पायांना चुना फासलेला. त्याने फिलिनोसला ओळखलं.

"तुम्ही होतात ना पंचांत?"

"होतो."

"मग?"

खरं बोलायला तोंड उघडलं, आणि फिलिनोस म्हणाला, "भरीव टाकली मी."

हेगियासचे डोळे भरले. "तुमच्याबद्दल चुकलोच मी," तो म्हणाला. "माफ करा."

खिओस बेटावरच्या एका व्यापाऱ्याने त्याला घेतलं. गलबत दुसऱ्याच दिवशी सुटलं.

नव्या वर्षी पंचांच्या यादीत नाव घालायला फिलिनोस गेला नाही. हात दुखतात, असं त्याने ड्रोमोनला सांगितलं. मिकाने एकदा खोदून विचारलं, तेव्हा तो भट्टीत लाकडं सारायला उठून गेला.