‘भंपक’ मागे घ्या

अनुसूयाबाई तो शब्द स्वतःशीच पुटपुटल्या होत्या. पण कार्यक्रमाच्या शेवटी मुलांचं समूहगीत त्याच घेणार होत्या, म्हणून त्यांच्या पदराला आधीच एक छोटा माईक अडकवून ठेवला होता, आणि तो चालू होता. मराठी मंडळाचे अध्यक्ष विलास करमरकर व्यासपीठावर उभे राहून, ‘हा पुरस्कार म्हणजे माझ्यासाठी सुखद धक्का आहे,’ असं म्हणत रुमालाने डोळे टिपत होते. तेवढ्यात सभागृहातल्या सगळ्या स्पीकरांमधून एका बाईचा स्वच्छ, शांत आवाज आला :

“भंपक.”

पुरस्काराचं नाव होतं ‘भाषाभूषण’. तो मंडळाने यंदाच सुरू केला होता. निवड समितीचे अध्यक्ष विलास करमरकर होते. मानपत्र त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासायला ते आठवडाभर आधी अनुसूयाबाईंकडेच पाठवलं होतं. ‘विनम्रतेचा महामेरू’ या शब्दांतला ‘रू’ बाईंनीच दीर्घ केला होता. त्यामुळे धक्का कितपत सुखद आणि कितपत धक्का, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर चिटणीस संध्याचा निरोप आला. असांसदीय शब्द शनिवारच्या कार्यकारिणीत मागे घ्यावा, अन्यथा रविवारचा मराठी वर्ग ‘नव्या टीमकडे’ सोपवला जाईल. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग.

अनुसूयाबाईंनी निरोप वाचला आणि फोन पालथा घातला. सगळ्या आयुष्यात त्यांना कुणी असांसदीय म्हटलं नव्हतं. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढूनही नाही.

वर्ग मंडळाच्या वरच्या खोलीत भरायचा, आणि तो त्यांचा होता. म्हणजे खोली मंडळाची, फळा मंडळाचा, पण वर्ग त्यांचा. अर्धी मुलं त्यांच्यासारख्या जुन्या घरांतली. ही घरं शहाजीराजांच्या वेळी इकडे बंगळूरला आली असं सांगायची पद्धत होती, नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मुलं मराठी प्रश्नाला कन्नडमध्ये उत्तर द्यायची. बाकीची अर्धी पुण्या-मुंबईहून आयटीसाठी आलेल्यांची. ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आणि या गोंधळात त्यांची नात मनस्विनी बसायची. सून म्हैसूरकडची, मुलगा घरी असला तर फोनवर. घरात नातीशी मराठीत बोललं की ती “व्हॉट, अज्जी?” म्हणायची, आणि मराठी तिथेच संपायची. पण गेल्या चार-सहा महिन्यांत वर्गात यशश्री नावाच्या एका पुणेकर मुलीशी तिचं जमलं होतं. जमलं म्हणजे जोरदार भांडायच्या दोघी. खोडरबरावरून, खिडकीजवळच्या जागेवरून, आणि मराठीत. अनुसूयाबाई फळ्याकडे तोंड करून खडू चालवायच्या आणि ते भांडण ऐकत राहायच्या. घरात शेवटचं असं भांडण त्यांच्या आईने केलं होतं.

म्हणून शुक्रवारी धाकटा भाऊ शेषगिरी तोडगा घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला हाकलून दिलं नाही. शेषगिरी वकील. कोर्टात न जाता प्रकरणं मिटवण्यात त्याची हयात गेली होती.

“अक्का, स्वल्प ऐकून घे,” कॉफी फुंकत तो म्हणाला. “आपण म्हणायचं, आमच्या बंगळूरच्या मराठीत त्या शब्दाला तसा अर्थच नाही.”

“मग कसा आहे?”

“उत्साही. हौशी. आमच्याकडे कौतुकाने म्हणतात.”

“कोण म्हणतं कौतुकाने?”

“कोणीच म्हणत नाही गं. पण पुण्याच्या माणसाला काय कळतंय? आपली मराठी जरा वेगळी, हे त्यांना मान्यच आहे. नाहीतरी आपण ‘बरं’ऐवजी ‘सरी’ म्हणालो की हसतातच की.”

“म्हणजे मी खोटं बोलायचं.”

“तू सुम्ने बसायचं. गप्प. बोलणार मी. तू फक्त मान हलव.” त्याने कप खाली ठेवला. “मनूसाठी, अक्का.”

त्यांनी त्याचा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, “सरी.”

शनिवारी संध्याकाळी कार्यकारिणी भरली. विलासराव आले तेच दोन फोनवर एकदम बोलत. एकात “येस येस, बॅक टू बॅक मीटिंग्ज आहेत”, दुसऱ्यात “मी मराठीच्या कामात आहे.” बसल्यावर त्यांनी चाफ्याचं फूल ठेवलेली पितळी वाटी टेबलाच्या मधोमध सरकवली, कारण बैठकीचा फोटो निघायचा होता.

शेषगिरीने बाजू सुरेख मांडली. जुन्या वसाहतींच्या बोलीत शब्दांचे अर्थ सरकतात, कडवटपणा झडतो, ‘भंपक’ हा आमच्याकडे घरगुती शब्द, उमद्या माणसाला लाडाने लावायचा. अनुसूयाबाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली. एकदाच. खरं तर प्रकरण तिथेच मिटलं होतं. संध्याने पेनही उचललं होतं.

पण विलासरावांना ते आवडलं. आणि एखादी गोष्ट आवडली की ती तशीच सोडून देण्याची त्यांना सवय नव्हती.

“ओ माय गॉड, हे ब्यूटिफुल आहे,” ते म्हणाले. “बघ संध्या, लँग्वेज कशी असते! मूळ प्रवाहापासून तुटली की अशी साचून जाते. डबक्यासारखी. इन अ गुड वे. यांना बिचाऱ्यांना ओरिजिनल अर्थच पोचला नाही. बाईंना वाटतं, त्या कौतुक करतायत! यांच्या मराठीत इतके इनोसंट गोंधळ आहेत ना, ते जपायला हवेत. आपण टी-शर्ट काढू. ‘आम्ही भंपक बंगळूरकर’. वर्गातल्या पोरांना घालायला.”

दोन-तीन जण हसले. शेषगिरीही हसला. त्याचं काम झालं होतं.

“विलासराव,” अनुसूयाबाई म्हणाल्या.

“बोला, बाई, बोला.”

“शेषा थापा मारतोय.”

“अक्का...”

“सुम्ने बस.” त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शेषगिरीने लगेच खुर्ची मागे घेतली. बहिणीचा हा आवाज तो लहानपणापासून ओळखत होता. “आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ तोच आहे, जो तुमच्याकडे आहे. डबक्यात काही बिघडलेलं नाही. तुम्हाला अर्थ हवाय ना? मग नीट ऐका. भंपक म्हणजे खोटारडा नव्हे. खोटारड्याला खरं काय ते माहीत असतं, म्हणून तर ते तो लपवतो. भंपकाला त्याची गरजच पडत नाही. गर्विष्ठही नव्हे. गर्व करायला जवळ काहीतरी असावं लागतं, निदान एखादी बरी म्हैस तरी. भंपक म्हणजे रिकाम्या डब्यावर मोठ्या अक्षरात ‘बेसनलाडू’ लिहून तो सगळ्यांना दिसेल अशा फळीवर ठेवणारा. आणि पाहुणे आले की स्वतःच म्हणणारा, अरे वा, लाडू! सुखद धक्का!”

संध्या खाली बघू लागली. मानपत्र टाइप तिनेच केलं होतं.

“आणि वापर कसा करायचा तेही सांगते. हा शेषा वकील झाला, तेव्हा पहिली केस मिळायच्या आधी काळा कोट घालून बाजारात वांगी आणायला जायचा. मे महिन्यात. आमचे वडील ओट्यावर बसलेले. ते एवढंच म्हणाले, ‘भंपक.’ याने तिथल्या तिथे कोट काढला आणि खुंटीला लावला. पुढे केस मिळेपर्यंत त्या कोटाला हात लावला नाही.”

शेषगिरीने मान खाली घातली. इतक्या वर्षांनंतरही त्याचे कान लाल झाले.

“बघा, असा वापर असतो त्याचा. ज्याला म्हणाल, त्याला लाज वाटायला हवी. आमच्या घरात एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला बोलायचं असेल तर कन्नडमध्ये बोलायचं. रिक्षावाला, घरमालक, कचेरीतला साहेब, सगळ्यांना कन्नड. मराठीत वाईट बोलायचं ते फक्त आपल्या माणसाला, कारण त्याला सुधारायचं असतं. त्या दिवशी माझी चूक झाली, विलासराव. तुम्ही मराठी बोलत होतात, म्हणून मला क्षणभर वाटलं, तुम्ही घरचे. तुम्ही घरचे नाही. तो शब्द तुमच्यासाठी नव्हताच. तो मी मागे घेते.”

शेषगिरीने डोळे मिटून घेतले. आता काय होणार याचा हिशोब तो मनातल्या मनात करत होता, आणि कोर्टाच्या अनुभवावरून त्याला फक्त वाईट शक्यता दिसत होत्या.

विलासराव काही क्षण गंभीर होते. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. हळू, एक-एक टाळी.

“पॉवरफुल,” ते म्हणाले. “काय बोललात! संध्या, ‘शब्द मागे घेतला’ असं लिहून घे. बाई, हे तुम्ही पुढच्या कार्यक्रमात बोलायचं. दहा मिनिटं. मी प्रास्ताविक करीन.”

अनुसूयाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. समोरच्या माणसाचा चेहरा निर्मळ होता. विलासरावांना खरोखरच काहीही लागलं नव्हतं. इतकं बोललेलं सगळं तळ नसलेल्या घागरीत ओतावं तसं गेलं होतं.

“आणि उद्या वर्गावर मी येतो,” विलासराव म्हणाले. “फोटोग्राफर आणतो. तुम्ही आणि मी फळ्यासमोर, मधे मुलं. ‘एक शब्द, एक क्षमा’. मुलं माझ्या गळ्यात...”

“वर्गात कॅमेरा येणार नाही.”

“बाई, खोली मंडळाची आहे.” हे मात्र त्यांनी शुद्ध मराठीत आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात सांगितलं.

“हो ना? मग खोली ठेवा.” त्या उठल्या. “मुलं माझ्या घरी येतील.”

जिन्यात शेषगिरी मागून धावत आला. “अक्का, सगळं मिटलं होतं गं! एक फोटो तर होता! फोटोला काय होतं?”

“तुला काही होत नाही. म्हणून तर तुला पाठवत होते आजवर सगळीकडे. आता पुरे.”

रविवारी सकाळी त्यांनी हॉलमधला सोफा भिंतीला लावला, सतरंजी घातली. जुन्या घरांतली मुलं आली, तीही सगळी नाहीत. पुण्या-मुंबईकडचं एकच मूल आलं, कारण त्याच्या आईने ग्रुप वाचला नव्हता. बाकीच्या आयांनी हळहळ व्यक्त करणारे निरोप पाठवले होते. मंडळात नव्या टीमचा पहिला वर्ग होता, खाऊ होता, टी-शर्टांसाठी मापं घेणार होते. यशश्रीच्या आईने लिहिलं होतं, ‘काकू, वी लव्ह यू, पण मंडळाचा हॉल सेंट्रल पडतो.’

मनस्विनी दारातच उभी होती. तिने सतरंजीवरची मुलं पाहिली, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. मग आत येऊन तिने पाटी सोफ्यावर फेकली.

“यशश्री नाही आली!”

“नाही आली,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “बस तू.”

“तुझ्यामुळे नाही आली! तू त्या अंकलशी का भांडलीस? सगळं तुझ्यामुळे झालं! मी आता कुणाशी बोलू? हे सगळे नुस्ते बावळट आहेत!”

बावळटांपैकी एकाने कन्नडमध्ये निषेध नोंदवला. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. या घरात मनस्विनी पहिल्यांदाच मराठीत एवढं बोलली होती, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. अनुसूयाबाईंनी काल रात्रीपासून आवरून धरलेला सगळा राग उफाळून आला.

“हो, माझ्यामुळे!” त्या ओरडल्या. “मीच केलं! तो माणूस तुला टी-शर्ट घालून उभी करणार होता फळ्यासमोर. बाहुलीसारखी!”

“मग मी नसता घातला! मला विचारलंस का तू?”

“नाही विचारलं!”

“का नाही विचारलंस?”

आजी आणि नात समोरासमोर उभ्या राहून धापा टाकत होत्या. शेषगिरी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने बाहेर आला. “अगं, अगं, स्वल्प शांत व्हा दोघी. आपण असं करू...”

“सुम्ने बस, शेषा!”

“तू मधे पडू नकोस, शेषाताता!”

दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या, आणि पुन्हा एकमेकींकडे वळल्या.