बरम्याची बंदूक

किसनजी आधी बोटांनी पाहतात, मग डोळ्यांनी. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन संग्रहालयाच्या पूर्वेकडच्या खिडकीतून तिरपं उतरावं, त्यात धुळीचे कण निवांत तरंगत राहावेत आणि त्या उजेडात त्यांची ती जाड, काळवंडलेली, नखांच्या कडांत कायमचं तेल मुरलेली बोटं जुन्या लाकडावरून फिरू लागावीत, हे दृश्य मी गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा पाहिलं आणि ते अजून नजरेसमोरून हललेलं नाही. बोटं मध्येच थांबत, थोडी मागे येत, पुन्हा त्याच जागी जात. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, तितक्याच सावधपणे. मग ‘खट्’ असा एक बारीक आवाज झाला आणि किसनजी स्वतःशीच हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

वर्ध्याजवळच्या नालवाडीला त्यांचं लहानसं घर आहे. उभं आयुष्य त्यांनी सैन्याच्या कार्यशाळेत आर्मरर म्हणून काढलं. म्हणजे बिघडलेल्या बंदुका उघडायच्या, त्यांचा दोष शोधायचा, त्या निर्दोष करून परत पाठवायच्या. आता मोहल्ल्यातल्या बायकांची शिलाई यंत्रं आणि हट्टाला पेटलेली कुलपं त्यांच्याकडे येतात, आणि त्यांच्यापुढेही ते तितक्याच गांभीर्याने मांडी घालून बसतात. बोलणं मोजकं. ‘असेल’, ‘बहुतेक’, ‘वाटतं’ हे शब्द त्यांच्या कोशातच नाहीत; दिसलं ते सांगायचं, न दिसलेल्याबद्दल मौन. थंडीतल्या स्वच्छ सकाळी दूरची झाडंसुद्धा कडांसकट दिसतात, तशा त्यांच्या सहवासात वस्तू दिसू लागतात. जन्मभर फळ्यापुढे बोलत राहिलेल्या माझ्यासारख्या बडबड्या बाईला असा माणूस भेटला की आधी धाकच वाटतो.

मी इतिहासाची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर वर्ध्यातलं हे छोटं संग्रहालय सांभाळते. पितळेची भांडी, कापूस पिंजायची धनुकली, झिजलेली वजनमापं आणि काचेच्या पेटीत एक थ्री नॉट थ्री रायफल. सगळ्यांत जास्त गर्दी अर्थातच तिच्यापुढे. पेटीवरची पाटी माझ्याच हातची: ‘ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले सैनिक दौलत पैकूजी यांची रायफल. नळीवर शत्रूच्या गोळीची खूण.’ ती लिहिताना मला भरून आलं होतं, हे आता कबूल करायला लाज वाटते.

ती बंदूक मला आठ-नऊ वर्षांपूर्वी समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेच्या अडगळीत, फाटक्या सतरंज्यांखाली सापडली होती. रीतसर परवानग्या काढल्या. मुख्याध्यापक म्हणाले, ही दौलतजींची बंदूक, ते तर केव्हाच वारले, पण त्यांची लेक शेजारीच राहते. लेक म्हणजे अनसूयाबाई. तेव्हाच साठी ओलांडलेल्या. नळीच्या मागच्या बाजूला एक छिद्र होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे बरम्याचं हाय. बाबा सांगत, बरमा झाला अन् हे मुकी झाली.” आमच्याकडची जुनी माणसं ब्रह्मदेशाला बरमाच म्हणतात. त्यात लाकडी दस्त्यावर इंग्रजी अक्षरं ठसवलेली, डी. पी. म्हणजे दौलत पैकूजी! ब्रह्मदेश, शत्रूची गोळी, मुकी झालेली बंदूक. मी वहीत भराभर लिहीत गेले आणि पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. विद्यार्थ्यांनी असं केलं असतं तर मी त्यांचे कान उपटले असते.

गेल्या दिवाळीनंतर एका निवृत्त फौजी पाहुण्याने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘बंदूक बनावट वाटते, आणि पाटी त्याहून बनावट.’ समितीचं धाबं दणाणलं, कारण नवं दालन उघडायचं होतं. ठरलं असं, की जाणकाराला दाखवायचं आणि तो नाही म्हणाला तर बंदूक आणि पाटी दोन्ही हलवायच्या. बंदुकीचं मला एवढं वाटत नव्हतं. पण अनसूयाबाई दर हिवाळ्यात डोळे दाखवायला वर्ध्याला येत, तेव्हा न चुकता त्या पेटीपुढे येऊन उभ्या राहत आणि काचेवरून वडिलांच्या नावावर बोट फिरवत. दौलतजींचा एक फोटो नाही, राहतं घर पडून गेलेलं. जगात त्यांचं नाव लिहिलेली तेवढी एकच जागा. ते नाव माझ्या हातानं उतरवायची वेळ येऊ नये, एवढंच मी मनात घोकत होते.

आणि नेमक्या ज्या सकाळी किसनजी बंदूक तपासायला आले, त्याच सकाळी अनसूयाबाईही दारात! हातात औषधाची पिशवी, डोळ्यांवर नवा काळा चष्मा. त्यांना पुन्हा केव्हातरी या म्हणावं असं ओठावर आलं होतं, पण त्या भिंतीलगतच्या बाकावर बसूनही गेल्या.

किसनजींनी हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला कोरडे केले, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि बंदूक अशी ठेवली की कापडाला सुरकुतीही पडली नाही. मग बोटांचं ते संथ वाचन सुरू झालं. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, ‘खट्’ करून मागे ओढला, काढला, उन्हात धरला. कागदाचा एक कपटा नळीच्या मागच्या तोंडाशी धरून, त्यावरून उजेड आत सोडून, पुढच्या तोंडाला डोळा लावला. बाहेर कापसाची गाडी रिकामी होऊन खडखडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत ते तसेच वाकून होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी.

“नंबर पाहा, मॅडम,” ते म्हणाले. “बोल्टवर जो हाय, तोच बॉडीवर. ठोक्याची खोली बी सारखी. हा मेळ कोनी मागून बसवला नाई.”

“म्हणजे खरी आहे?”

“बंदूक सोळा आने खरी हाय.” मी श्वास सोडला. तेवढ्यात ते म्हणाले, “आता पाटी वाचा.”

मी वाचली, शक्य तितक्या हळू आवाजात. किसनजींचं बोट छिद्राच्या कडेवरून एकदा गोल फिरलं आणि थांबलं.

“शत्रू लय नेमका होता म्हना! कडेले चीर नाई, लोखंड आत दबलं नाई. गोळी अशी नाई लागत, मॅडम. हे भोक कार्यशाळेत पाडलं हाय. अन् डी. पी. हे कोनाचं नाव नोहे. ड्रिल पर्पज, कवायतीपुरती. बंदूक जुनी झाली का तिले असं भोक पाडाचं, आतल्या पिनचं टोक कापाचं, म्हनजे पुन्हा गोळी सुटू नये. मंग ते शाळा-कॉलेजात द्याची. म्या सोता किती केल्या. नोकरीतलं मले सगळ्यात आवडलेलं काम तेच होय.” एवढं सलग बोलून ते ओशाळल्यासारखे झाले.

मघाचं ते ‘खट्’ आणि त्यांचं हसू आता मला कळलं. आणि बाकावरून अनसूयाबाईंचा आवाज आला, “तेच तं म्या सांगतलं होतं. बरम्याचं हाय म्हनून.”

“बरोबर हाय ताई, बरम्याचंच,” किसनजी म्हणाले.

मी आळीपाळीने दोघांकडे पाहू लागले. “बरमा म्हणजे... ब्रह्मदेश ना?”

“कोन्ता देश?” अनसूयाबाई म्हणाल्या. “बरमा, बाई! सुताराजवळ असते तो. भोक पाडाचा.”

किसनजींनी तोंड दुपट्ट्यात लपवलं, पण खांदे हलत होते. मलाही हसू फुटलं असतं. अख्खा एक देश, त्यातलं युद्ध आणि शत्रूची गोळी मी सुताराच्या हत्यारातून काढली होती. पण अनसूयाबाई हसत नव्हत्या. त्या उठून टेबलाशी आल्या. “अन् पाटीवर काय लिवलं म्हनता? मले वाचता नाई येत. तुमी पयल्या सालीच बाबाचं नाव दाखवलं, म्या तेवढंच वळखून ठेवलं. बाकीचं काय हाय?”

मी पुन्हा वाचलं. या वेळी स्पष्ट.

त्यांचा चेहरा उतरला नाही, तापला. “माहे बाबा कोन्त्याच लढाईत नाई गेलते. लय दूर गेले तं सेलूपर्यंत. शाळेतल्या पोट्ट्याइले कवायत शिकवली त्यायनं, जलमभर. तुमी हे काऊन लिवलं?”

“चुकले मी,” मी म्हणाले. “आणि आता नाव तरी राहावं म्हणून...”

“नाव त्यायचं अन् काम दुसऱ्याचं? मंग नाव राहून काय फायदा?”

इतके दिवस मी समजत होते की सत्यापासून त्यांना जपायचं आहे. आणि त्या म्हाताऱ्या बाईला सत्याखेरीज दुसरं काहीच नको होतं. माझ्या पाटीने त्यांना वडील परत दिलेच नव्हते, कुणीतरी भलताच माणूस त्यांच्या नावाने पेटीत उभा केला होता. मला स्वतःचा विलक्षण राग आला.

किसनजींनी बंदूक हलकेच कुशीवर वळवली आणि खिडकीकडे थोडी सरकवली. ऊन आता लाकडावर आडवं पडलं, आणि इतकी वर्षं रोज पाहूनही न दिसलेलं काहीतरी उजळून आलं. दस्त्यावर दोन जागी एक मऊ, मधाळ झळाळी होती.

“इथं पाहा, ताई,” ते म्हणाले. “मोठ्या मानसाचा हात इथं नाई पडत, वर पडते. हे लहान हात हायेत. एकाचे नाई, लय पोट्ट्यायचे. अन् खालचा पितळी पत्रा या एकाच कोपऱ्यात झिजला. बंदूक खांद्यावरून उतरवून भुईवर टेकवा, पुन्हा उचला, पुन्हा टेकवा, तवा असा झिजते. लढाईत हे झीज होत नाई. कोनीतरी सालोसाल शिकवलं, तवा झाली.”

अनसूयाबाईंनी चष्मा काढला. त्या झळाळीवर तळवा ठेवला. मग बोलू लागल्या तेव्हा आवाज अगदी खाली आला होता. “बाबा रांग उंचीनं लावत. तवा गावात समदी रांग घरानं लागे, पान्याले, जेवाले, शाळेत बसाले बी. आमच्या वस्तीतले पोट्टे नेहमी शेवटी. बाबा म्हनत, कवायतीत घर नाई पाहाचं, उंची पाहाची. मान वर, नजर समोर. पाटलाच्या पोट्ट्याच्या खांद्याले खांदा लावून आमचा पोट्टा उभा राहे. पयले लोक बोलले. मंग सवय झाली.”

मी रडले, लपवण्यात अर्थ नव्हता. ज्या युद्धासाठी मी ब्रह्मदेश धुंडाळला, ते समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणावर, गोळी न सुटणारी बंदूक घेऊन, रोज सकाळच्या उन्हात लढलं गेलं होतं.

किसनजींनी तिथेच बसून अभिप्राय लिहिला. बंदूक अस्सल. क्रमांक जुळतात. नळी आतून झिजलेली, म्हणजे कवायतीला येण्यापूर्वी सैन्यात वापर झालेला. मी विचारलं, मग ती ब्रह्मदेशात गेलीही असेल ना? आशा सुटत नाही हो माणसाची. “गेली असती तं तिलेच मालूम,” ते म्हणाले. “मले दिसत नाई, म्या लिहिनार नाई.” आणि खाली सही केली, एकेक अक्षर सुटं, स्वच्छ.

नवी पाटी अनसूयाबाईंनी सांगितली, मी लिहिली. ‘दौलत पैकूजी, कवायत मास्तर. या बंदुकीतून त्यांनी एकही गोळी झाडली नाही. रांग घराने नव्हे, उंचीने लावून त्यांनी गावच्या मुलांना मान वर करून उभं राहायला शिकवलं.’ समितीतल्या एका सदस्याने कुरकुर केली, की युद्ध गेलं तर गर्दीही जाईल. गर्दी थोडी कमी झाली, हे खरं आहे. पण आता लोक पेटीपुढे अधिक वेळ थांबतात.

दालन उघडलं त्या दिवशी मी अनसूयाबाईंना पाटी वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली, मग तिसऱ्यांदा. किसनजी त्यांच्या बाजूला हात सरळ सोडून उभे होते. शेवटी त्या म्हणाल्या, “हं. आता आले माहे बाबा.”

दौलतजींना मी कधी पाहिलं नाही, त्यांचा आवाज ऐकला नाही, आणि आता ऐकणारही नाही. काळ माणसाला घेऊन जातो, त्यात आपलं काही चालत नाही. पण गेलेला माणूस खरोखर काय करून गेला हे सांगणारं कुणी एक जरी मागे राहिलं, तरी त्याच्या नसण्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे तोच येऊन उभा राहतो.