काडीबाईची चिठ्ठी

औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या बाईला चिठ्ठी वाचायला कुणी शिकवावं? धाकट्या भावाने हॉस्पिटलात भरती होण्याच्या आदल्या दिवशी काचेची पेटी तिच्या टेबलावर आणून ठेवली, पेटीवर चिकटपट्टीने एक कागद टांगला आणि वर म्हणाला, "ताई, नीट वाच हं." तिने डोळे वटारले. गिऱ्हाइकांना दिवसभर हेच सांगून तिचा घसा बसायचा, आणि हा कालचा पोर तिला शिकवणार.

पेटीत ओला पाचोळा, दोन नेचे, चार काटक्या आणि त्यांत कुठेतरी बोटाएवढी बुटक्या सरड्याची मादी. वाळक्या पानाच्या रंगाची, आखूड शेपटीची, मख्ख. भाऊ तिला काडीबाई म्हणायचा. बायको सोडून गेल्यापासून त्याच्या घरात बोलायला तेवढीच उरली होती. ताईला ते ठाऊक होतं, म्हणून तर नाक मुरडत का होईना, ती हो म्हणाली.

"एवढी सांभाळ," तो म्हणाला. "घरी परत यायला काहीतरी कारण हवं ना मला."

असलं अभद्र बोलतो म्हणून तिने त्याला चांगलं झापलं.

सांभाळलीही. कागदावर आठ कलमं होती, आठही तिला तोंडपाठ. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. खोली गार, बल्ब अजिबात नको. खायला बरणीतल्या, पिकल्या फळांवरच्या बारीक माश्या. त्यातल्या निम्म्या सुटून ताईच्या चहात पडायच्या, तरी तिने तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण पेटीपाशी उभी राहून, काडीबाईकडेच. दहाव्या दिवशी काडीबाईने तिच्या देखत जीभ फेकून माशी टिपली, तेव्हा ती एकटीच हसली आणि शेजारणीला बोलवायला धावली.

मग एका सकाळी पेटीतली बुरशी धरलेली पानं काढताना काडीबाई तिच्या हातात आली. जरा थरथरली, कुशीवर कलंडली, पाय पोटाशी घेतले आणि निपचित पडली. ताईने फुंकर घातली, बोटाने ढोसलं. काही नाही. पण हातावर हात धरून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि दुकान नऊला उघडायचं होतं. तिने कोरफडीच्या कुंडीत चार बोटं खड्डा केला, काडीबाईला आत ठेवलं, माती तळव्याने दाबली आणि सवयीने वर तांब्याभर पाणी ओतलं. भावाला काय सांगायचं ते संध्याकाळी बघू म्हणाली.

दुपारी एक म्हातारा तणतणत दुकानात आला. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या म्हणे, सकाळपासून मळमळतंय.

"आजोबा, मागे लिहिलंय की जेवणानंतर म्हणून. चिठ्ठी उलटून नको का बघायला?"

"उलटून कोण बघतं बाई?" म्हातारा म्हणाला.

मालकाला "आलेच" म्हणून ताई चपला घालत घालतच बाहेर पडली.

घरी येऊन तिने पेटीवरचा कागद उलटला. मागे नववं कलम होतं, भावाच्या गचाळ अक्षरात. 'हातात धरली की घाबरते आणि मेल्याचं सोंग घेते. भारी नाटकी आहे. पानांवर ठेव आणि अर्धा तास लांब जाऊन बस.'

तिने दोन्ही हातांनी कुंडी उकरली. काडीबाई ठेवली होती तिथे नव्हती. ती मातीतून दोन बोटं वर सरकली होती, तोंड वरच्या बाजूला, आणि पुढच्या दोन्ही पायांत कोरफडीची मुळी घट्ट धरलेली. अंगावर सगळा चिखल. ताईने तो पाण्याने हळूच धुतला. मुळी काही सोडवता येईना, म्हणून तिने ती कात्रीने तोडली.

मग लिहिलं होतं तसं काडीबाईला पानांवर ठेवलं आणि लांब जाऊन खुर्चीत बसली. अर्धा तास झाला. आणखी अर्धा तास झाला. दुकानातून दोनदा फोन आला, तिने उचलला नाही. तिसरा भावाचा होता.

"उद्या सकाळी सातला घेणार आहेत ऑपरेशनला," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "काडीबाई काय म्हणते?"

"पडून आहे रे."

"हात लावला असशील. नाटकं करतेय ती. मागचं वाचलंस ना?"

"वाचलं," ताई म्हणाली.

"मग झालं तर. अर्धा तास थांब फक्त. उठते ती."

"थांबलेय," ताई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही तशीच बसून राहिली.