डाव्या बाजूचं रबर

मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या, तरी गाडी उजवीकडे कललेलीच. अप्पांनी ती गॅरेजच्या सपाट फरशीवर उभी केली.

"मिस्त्री, लेकीनं बजावलंय. सरळ होत नसेल तर मोडीत काढा म्हणाली. गाडीबद्दलच बोलत होती, असं मी धरून चाललोय."

मिस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप धरला. डावी बाजू बोटभर उंच. मिस्त्रींचा विश्वास फक्त टेपवर. माणसं काय, काहीही सांगतात.

"उजवी स्प्रिंगच खोटी," अप्पा म्हणाले. "जुनीही उजवीच दगा देत होती. तेव्हापासून ओरडतोय."

"कळेल की. डावी-उजवी बदलून घालतो. खोट स्प्रिंगमध्ये असली तर तिच्याबरोबर जाईल."

बदलून झालं. खोट जागची हलली नाही. मिस्त्री पुन्हा गाडीखाली शिरले ते बाहेर येईनात.

"झोप लागली का हो?"

मिस्त्री बाहेर आले. "स्प्रिंगच्या डोक्यावर एक रबर असतं. डावीकडे दोन आहेत. परवा जे निघालं तेच पुसून परत बसवलं, ध्यानातच आलं नाही."

"दुसरं कुठल्या गाढवानं घातलं?"

"मीच. वहिनींनी सांगितलं होतं."

वहिनी म्हणजे अप्पांची बायको. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. अप्पा पुढे बसून गाडी चालवत आणि ती मागे, डावीकडे बसे. ती बसली की गाडी तिथं दबायची आणि अप्पा म्हणायचे, "झाला मुजरा!" मग एके दिवशी गाडी दबेनाशी झाली. "वजन उतरलंय माझं," ती ऐटीत म्हणाली, आणि अप्पांचा हुकमी विनोद बाद झाला.

"ह्यांना कळलं तर याद राखा, म्हणाल्या होत्या."

"लबाड!" अप्पा मनापासून हसले. मग हसता हसता थांबले. "म्हणजे ती मागे असली की गाडी सरळ?"

"अगदी काटेकोर."

"मग शेवटच्या वर्षात ती मागे असूनसुद्धा गाडी कललेली..."

मिस्त्री टेप गुंडाळत राहिले.

उजवी बाजू खाली जातच नव्हती. डावी वर येत होती. डॉक्टरांना दुखणं सापडलं ते फार नंतर. तोवर अप्पा स्प्रिंगला शिव्या घालत होते आणि मागून ती म्हणत होती, "दाखवा ना एकदा मिस्त्रींना."

"काढू?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"काढा. लेकीला सरळ हवीय."

गाडी सरळ झाली. अप्पांनी ती रबरी चकती मागच्या सीटवर डावीकडे ठेवली आणि वरून पट्टा लावला.

"आता मोजा."

"अप्पा, पावशेरसुद्धा वजन नाही हो त्याचं."

"मोजा म्हणतो ना."

मिस्त्रींनी टेप धरला. आकडा जिथल्या तिथं.

"दबली," ते म्हणाले. "थोडी दबली."

अप्पांनी टेप बघायला मागितला नाही.